बोयाचा गोड आवाज

लाटेने होडीतून उडवलेला हिराजी तांडेल पिवळ्या बोयाला मिठी मारून तरंगत होता. बोयाला पाण्याखाली लांबलचक कापडी शेपूट होती. प्रवाह ती ओढत नेई आणि बोया आपला ठावठिकाणा संशोधन केंद्राला कळवत राही. असल्या शेपट्या कापून आणायच्या आणि घरी सुकटावर झाकायच्या, हा हिराजीचा आणि सगळ्या बंदराचाच उद्योग. शेवटी केंद्र वैतागलं. त्यांनी बोयांना अक्कल दिली, वाचा दिली आणि चिकटलेल्या माणसाला खोटंनाटं सांगून का होईना, हुसकावायला शिकवलं.

"दादा, मला सोडा ना," बोयातून बाईचा आवाज आला.

"सोडू? मरेन ना मी, बाय!"

"बचाव बोट निघालीय. पण माझी शेपूट खोलात आहे, मी उत्तरेला चाललेय. सुटा माणूस दक्षिणेला वाहतो. बोट तुम्हाला तिथेच शोधणार."

हिराजीला ते पटलं. पाण्यात खोल लोंबणारी वस्तू वेगळ्या वाटेने जाते, हे जाळी टाकणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्याने डोळे मिटले आणि हात सोडले.

बोया खरंच उत्तरेला सरकत गेला.

"बाय, बोट कुठवर आली गं?" नाकातोंडात पाणी जात असताना तो ओरडला.

लांबून तोच गोड आवाज आला, "प्रवाहांच्या अभ्यासाला सहकार्य केल्याबद्दल आपले आभार."