मनगटाला झेपेल अशी

"हात ठेव इथे," बेकेट म्हणाला, आणि ट्रूडीने काउंटरच्या काचेवर आपला उजवा हात ठेवला.

त्याने तिच्या बोटांची लांबी नुसत्या नजरेने मापली. मग मनगटावरची फिकट खूण पाहून तो थबकला. "ही शाळेच्या बँडमधली ना? पायऱ्यांवरून ढोलासकट गडगडली होतीस."

"अरे, तुला अजून आठवतंय!" ट्रूडी हसली.

मागे उभ्या असलेल्या हार्लनने ते हसू ऐकले. मालट्रक चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला घरातले सारे शिळेच येते, असे त्याला वाटले. पाव शिळा, बातमी शिळी, आणि बायकोचे ताजे हसूही दुसऱ्याच कुणासाठी. दुपारी त्याला पुन्हा निघायचे होते. आठवडाभर घरी ट्रूडी एकटी.

कॅन्ससमधल्या त्या लहानशा गावात बंदुकांचे हे बेकेटचे एकच दुकान होते. भिंतीवरच्या हरणांच्या मुंडक्यांखाली दोन म्हातारे कॉफी पीत बसले होते.

"कशासाठी हवीय? घरासाठी, की नुसता नेम धरायला?" बेकेटने विचारले.

"दोन्हीसाठी. रविवारी काकांच्या शेतावर डबे उडवू. पण खरं सांगू का..." ट्रूडीचा आवाज खाली आला. "हा नसतो तेव्हा रात्री खिडकीखाली कुणीतरी येऊन उभं राहतं."

"शेरीफला कळवलंस?"

"त्यांचा माणूस आला, बुटांचे ठसे बघितले आणि म्हणाला, दारं नीट लावत जा."

बेकेटने काळे, मध्यम आकाराचे एक पिस्तूल तिच्यापुढे ठेवले. "हे घे. अंगाने जड आहे, म्हणून झटका कमी. चाप हलका. तुझ्या मनगटाला झेपेल."

"आणि ते?" हार्लनने काचेखालच्या चिमुकल्या, चंदेरी रिव्हॉल्व्हरकडे बोट केले.

"सगळे नवरे तेच दाखवतात," बेकेट म्हणाला. "पर्समध्ये मावतं, दिसायला गोजिरवाणं. पण हलकं म्हणून झटका जबर, आणि चाप दगडासारखा. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये."

"बायको माझी आहे, बेकेट."

"मनगट तिचं आहे, राव."

एक म्हातारा खोकत हसला. "बेकेट, नवरा-बायकोत पडू नकोस. तुझं स्वतःचं तर टिकलं नाही!"

बेकेटही हसला. त्याचा संसार मोडला होता, हे हार्लनला ठाऊक होते. या गावात एकट्या राहणाऱ्या प्रत्येक पुरुषाची त्याला बित्तंबातमी होती.

दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत दोन्ही हत्यारे चालवून पाहायची, असे ठरले. पिस्तुलाच्या वेळी बेकेट ट्रूडीच्या मागे उभा राहिला आणि दोन बोटांनी त्याने तिचे कोपर किंचित वर उचलले. कागदावर पडलेली सगळी भोके तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ होती. ती आनंदाने वळली आणि तिने आधी बेकेटकडे पाहिले. हार्लनने ते टिपले.

रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला तिला सगळा जोर लावावा लागला. नळीचे टोक खाली झुकले आणि गोळी कागदाला न शिवता निघून गेली. पुढची फक्त कडेला लागली. तिसऱ्या वेळी तिने हत्यार खाली ठेवले आणि मनगट चोळत राहिली.

"हेच बरं," हार्लन म्हणाला. "आटोपशीर आहे."

खिडकीखाली कोण उभे राहते, हे त्या गावात एकट्या हार्लनला माहीत होते. परतीचा ट्रक हमरस्त्याच्या फाट्याला थांबवून, कापलेल्या मक्याच्या रानातून तो अंधारात चालत येई आणि स्वतःच्याच घराच्या भिंतीला टेकून उभा राही. पडद्यावर दुसरी सावली दिसते का, टेबलावर दुसरा पेला आहे का, हे पाही. दिसे ती एकटी ट्रूडी, विणकाम मांडीवर घेऊन रेडिओ ऐकणारी. त्यानेही त्याला शांती मिळत नसे. आपण चुकीच्या रात्री आलो, एवढेच वाटे. त्या घरातून सुटणारी गोळी नेमकी लागायला नको होती, कारण ती त्याला स्वतःलाच लागली असती.

"घेणाऱ्यानेच बोलायचं, अशी या दुकानाची रीत आहे," बेकेट त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "ट्रूडी, तू सांग."

ट्रूडीने दोन्ही हत्यारांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"हार्लन म्हणतो ते दे. तो नसला, तरी त्याची पसंती उशाशी असेल."

"एकदा दाराबाहेर गेलं की आम्ही परत घेत नाही हं."

"माहीत आहे."

गाडीत बसल्यावर हार्लनला कितीतरी दिवसांनी हलके वाटले. तिने बेकेटचा शब्द मोडला होता, आपल्यासाठी. त्या हलकेपणाच्या तळाशी लाज होती. आता पुन्हा त्या रानातून चालत जायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले, आणि त्याचा निश्चय खरा होता.

"तो आता यायचा नाही बघ," तो म्हणाला.

"कोण?"

"तुझा खिडकीखालचा."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे असंच समज."

ट्रूडी मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवून बाहेर पाहत राहिली. धान्याची उंच कोठारे मागे सरकली.

"तो बिचारा भित्राच असावा," ती म्हणाली. "नुसता उभा राहायचा आणि निघून जायचा. त्याच्यासाठी मी बंदूक घेतलीच नसती."

"मग कुणासाठी घेतलीस?"

"तुला काळजी नको म्हणून बोलले नव्हते. गुरुवारी रात्री तू वायोमिंगला बर्फात अडकला होतास आणि आपण फोनवर बोलत होतो ना? तेव्हा कुणीतरी मागच्या दाराची मूठ फिरवून बघत होतं."