ड्रॅगनच्या जबड्यात

"तुझ्या हातात? त्यापेक्षा मी सगळ्या पेशंटचे दात पुन्हा पहिल्यापासून मोजेन," ताई म्हणाली. तिने बंद पडलेली हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर मांडीने ढकलून लावला.

ताई दातांची डॉक्टर. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने शुक्रवारी मान टाकली होती आणि त्याच्याबरोबर अकरा वर्षांचे एक्स-रे गेले होते. कोणाची कुठली दाढ भरली, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्या एका डिस्कमध्ये. दोन दुकानांनी हात टेकले होते. आता एकच माणूस उरला होता. मेलेल्या डिस्कमधून माहिती परत काढणं हा त्याचा धंदाच होता आणि त्यात त्याचं नाव होतं. फक्त तो ताईचा धाकटा भाऊ होता.

"ताई, बँका देतात मला त्यांच्या डिस्क."

"बँकांना ड्रॅगन माहीत नाही."

ड्रॅगनचं प्रकरण सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं, तरी चार माणसं जमली की ताई ते नव्याने सांगे. शाळेत असताना ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत असे. तलवारी, जादू, तळघरं, वहीत काढलेले नकाशे. तीन वर्षं खपून तिने आपली योद्धी शेवटच्या ड्रॅगनपर्यंत नेली. त्या खेळात सेव्ह करायला एकच जागा होती. नवं सेव्ह केलं की जुनं पुसलं जाई. ताईने किल्ल्याच्या दाराशी सेव्ह करून ठेवलं होतं, म्हणजे हरलो तर पुन्हा तिथून सुरू. ऐन लढाईत घराची बेल वाजली. ती दोन मिनिटांसाठी उठली. परत येते तर काय, आठ वर्षांच्या भावाने सेव्ह दाबलेलं! योद्धीचा जीव एक टक्का उरलेला आणि ड्रॅगनची आग तिच्या नाकाशी. त्यानंतर खेळ कितीही वेळा उघडा, ती एका सेकंदात मरे.

"जळायचा माझ्यावर," असा ताई शेवट करी. भाऊ खाली बघून हसे. इतक्या वर्षांत तो एकदाही उलटून बोलला नव्हता आणि ताईच्या लेखी तोच गुन्ह्याचा पुरावा होता. तेव्हापासून तिने त्याच्या हाती काही म्हणून सोपवलं नाही. सायकल नाही, घराची किल्ली नाही.

मंगळवारी तो लॅपटॉप घेऊन पुन्हा दवाखान्यात हजर झाला. खुर्चीत एक निवृत्त जजसाहेब आ वासून पडले होते. त्यांना भुलीचं इंजेक्शन दिलं होतं आणि गाल बधिर व्हायला अजून दहा मिनिटं होती.

"आपला जुना कॉम्प्युटर आईने माळ्यावर टाकला होता ना? त्याची डिस्क पार गंजली होती," भाऊ म्हणाला. "मी त्यातून तुझा खेळ काढलाय. सगळाच्या सगळा. आता तरी ठेव विश्वास."

त्याने प्लास्टरचे दोन जबडे बाजूला सारले आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. टिणटिण संगीत सुरू झालं. ताईने नको नको म्हणत स्टूल पुढे ओढलं.

"अगं बाई, किती चौकोनी होती ही माझी योद्धी!" आठवणीत डोंगराएवढा वाढलेला ड्रॅगन प्रत्यक्षात जेमतेम अंगठ्याएवढा निघाला. ताईने डोळे बारीक करून त्याच्या तोंडात पाहिलं. "वरची दाढ किडलीये मेल्याची."

मग तिने थांबलेला खेळ सुरू केला. त्याच सेकंदाला आग आली आणि योद्धी मेली.

ताईने पुन्हा उघडलं. योद्धीच्या थैलीत जीव वाढवणाऱ्या औषधाच्या त्रेसष्ट बाटल्या होत्या. कंजूषपणा करून साठवलेल्या. ताई थैलीपर्यंत पोचते तोवर योद्धी मेली. डावीकडे पळाली, मेली. ढाल उचलली, मेली. सातव्यांदा मेली तेव्हा जजसाहेबही मान वाकडी करून बघत होते.

ताईचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. चाळिशीला टेकलेल्या बाईने, तेही पेशंटसमोर, एका चौकोनी बाईसाठी रडायचं म्हणजे काय!

"का केलंस रे तसं?"

इतकी वर्षं ती ही गोष्ट सगळ्यांना सांगत आली होती. भावाला विचारलं मात्र आज पहिल्यांदाच.

भावाने चष्मा काढून शर्टाला पुसला. "तू दारात बोलत होतीस. इकडे ही मरायला टेकलेली. माझी पाचावर धारण बसली. तू सारखी ते बटण दाबायचीस ना, म्हणून मी त्याचा अर्थ शाळेच्या शब्दकोशात बघून ठेवला होता. सेव्ह म्हणजे वाचवणे." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी तिला वाचवलं, ताई. खरा अर्थ कळला तेव्हा सांगायचीच लाज वाटली."

लॅपटॉपमधलं संगीत टिणटिणत राहिलं.

"निद्दोश," खुर्चीतून जजसाहेब म्हणाले. त्यांचा गाल पुरता बधिर झाला होता.

ताईने मास्क वर ओढून डोळे टिपले. मग ड्रॉवर उघडला आणि डिस्क भावाच्या तळहातावर ठेवली.

"घे, वाचव," ती म्हणाली. "पण या वेळी शब्दकोश न बघता."