सातासमुद्रापारचे सर

कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं भोपळ्याचं, एकवीस तारांचं वाद्य ती दीड वर्ष इंटरनेटवरून शिकत होती. सर तिकडचेच. कॅमेरा कायम त्यांच्या बोटांवर असायचा, त्यामुळे चेहरा कधी दिसलाच नाही. ते आपली भाषा इतकी छान बोलतात, याचं तिला नुसतं कौतुक वाटायचं.

"सर, महिन्याची रजा काढलीय. परवाचं विमान आहे. समोर बसून शिकणार! तुमच्या गावचा पत्ता द्या ना."

तेवढ्यात तिच्या खोलीतले दिवे गेले, आणि लॅपटॉपवरची बोटंही त्याच क्षणी अंधारात बुडाली. योगायोग असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण दिवे परत आले, तेही दोन्हीकडे एकदमच.

"सर, तुम्ही आहात कुठे?"

"तुमच्या मागच्या गल्लीत, लॉंड्रीच्या वर. चार वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

ती थक्क झाली, मग खो खो हसत सुटली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, उद्याच आमच्या घरी या."

"आलो होतो," सर हळूच म्हणाले. "गेल्या महिन्यात, भाड्याच्या खोलीची पाटी वाचून. दार तुम्हीच उघडलंत. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, 'तुमच्या लोकांना आम्ही खोली देत नाही.'"