जपलेली गिटार

मी सेकंडहँड बेस गिटारच्या तारा पातेल्यात उकळत होतो. मळ सुटला की त्या नव्यासारख्या वाजतात. तेवढ्यात शेजारच्या, ऑर्केस्ट्रावाल्या देवस्थळीबाई आल्या.

“काका, आमचा बेसवाला आजारी पडलाय. संध्याकाळी सोसायटीच्या कार्यक्रमात तुम्ही वाजवाल?”

सहा वर्षांपूर्वी ही गिटार घेतली, तेव्हापासून मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. “गिटारची मान जरा वाकलीय,” मी म्हणालो.

“काल तर सरळ होती,” बायको म्हणाली.

शेवटी मी तारा चढवून दिल्या आणि बाईंच्या भाच्याने गिटार वाजवली. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

गिटार परत देताना तो म्हणाला, “काका, आधीच्या मालकाने ही फारशी वाजवलेली दिसत नाही.”

“काही लोक नुसत्या घेऊन ठेवतात,” मी बायकोकडे न पाहता म्हणालो.