सुरू झाला की टाइप करू

बीप. बीप. बीप. पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळा तो काळाच.

“बाबा, बघ ना, हा सुरूच होत नाहीये!” ईश्वरी ओरडली.

बाबा सोफ्यावरून हलले नाहीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच होता. पाय परत आला, बोलणं परत आलं, हात मात्र अडून बसला. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट रणजितजी रोज यायचे. “भाईसाब, बॉल दबाइए.” ते जिना उतरले की बॉल बाल्कनीतल्या कुंडीत. मी काय बाळ आहे, म्हणायचे बाबा.

पुढच्या सोमवारी ऑफिसला कळवायचं होतं, रुजू होतोय की सोडतोय. बाबांनी ठरवून टाकलं होतं.

“ईशू, तो सुरू झाला की माझा राजीनामा टाइप करून दे.”

“फोनवर करू?”

“बावीस वर्षांची नोकरी आहे. फोनवर नाही सोडायची.”

“मी तर असलं काही टाइप करणार नाही हं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

राजीनामा म्हणजे जयपूर सोडून सांगली. पण ईश्वरीला त्याचं एवढं नव्हतं. जानेवारीत हाच कॉम्प्युटर दोघांनी मिळून जोडला होता. एकेक स्क्रू बाबांनी पिळला होता, शिट्टी वाजवत. ते बाबा तिला परत हवे होते.

“आवाजावरून रॅम वाटते,” बाबा तिथूनच म्हणाले.

“मग ये ना इकडे. मला नाही जमत.”

जमत नाही कसलं! रॅमची पट्टी तिनेच सैल केली होती, दहा मिनिटांपूर्वी. आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट कोपऱ्यात असं कोंबलं होतं की बाबांचा डावा हात आत शिरणारच नाही.

बाबा आले, कुरकुरत. तिने आपले बारीक हात आत घातले. “पट्टी काढायचं काम माझं. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या एकदम दाबाव्या लागतात, दोन अंगठ्यांनी. एकेक दाबली की अडकते. तू फक्त बसव.”

“या हाताने?”

“दुसरा जातोय का? नाही ना? मग!”

वीस मिनिटं लागली. अंगठा घसरायचा, बाबा चिडायचे, ती टॉर्च धरून उभी. शेवटी टक असा आवाज आला. स्क्रीनवर अक्षरं उमटली. बाबांच्या कपाळावर घाम होता.

“राजीनामा उद्या करू,” ते म्हणाले. “दमलो.”

हा सोमवार होता, म्हणजे तिच्या हातात एक आठवडा होता. मंगळवारी पॉवरची जाड केबल ढिली झाली. बुधवारी हार्ड डिस्कची वायर. गुरुवारी नुसतंच बटण दाबत बसायची वेळ आली, कारण बटणाच्या वायरी निसटल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनांवरून.

“काय डबडं जोडलंय आपण!” बाबा म्हणाले. पण हाक मारायच्या आत ते येऊन बसले होते.

शुक्रवारी त्याच वायरी पुन्हा निसटल्या. बाबांनी त्या चिमटीत धरल्या. उजव्या चिमटीत. ईश्वरी त्या चिमटीकडे बघता बघता टॉर्च भलतीकडेच धरून बसली. बाबा ओरडले, “अगं, उजेड कुठे पाडतेस?”

शनिवारी तिने काही केलं नाही. बाबांनी राजीनाम्याचं नावही काढलं नाही. ती मात्र रात्रभर कूस बदलत राहिली. मतलब, चिमटी जमली म्हणून फसवणूक चांगली ठरत नाही ना. त्यांनी ठरवलंय तर टाइप करून द्यायचा, आणि सगळं सांगून टाकायचं.

रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरपाशी बसली. कॅबिनेट कोपऱ्यातून वीतभर पुढे आलेलं होतं. आईने झाडताना ओढलं असणार.

“चल बाबा, सांग मजकूर.”

बाबा चहा पीत होते. “सुरू तर कर.”

तिने बटण दाबलं.

बीप. बीप. बीप.

“शक्यच नाही!” ती उठून उभी राहिली. “आज तर मी हातसुद्धा लावला नाही!”

“आज?” बाबा म्हणाले.

ईश्वरीने जीभ चावली. बाबा शांतपणे बशीत चहा ओतत होते. कप कोणत्या हातात आहे हे बघायचंही तिला सुचलं नाही. तिने घाईघाईने वीज बंद केली, कॅबिनेटची बाजू उघडली आणि टॉर्च मारली.

सगळ्या वायरी जागेवर होत्या. रॅमची पट्टी सैल नव्हती. ती नव्हतीच. खाच रिकामी होती आणि दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सारख्याच उघड्या होत्या.

“मग राजीनामा काही होत नाही म्हणायचं,” बाबा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, उजव्या हाताची दोन बोटं शर्टच्या खिशात घातली आणि हिरवी पट्टी बाहेर काढली.