वसंतरावांचं चाक

बलभीमला सायकलशर्यतींचं भारी याड. त्रेपन्न सालच्या शर्यतीत जळकोटजवळ वसंतरावांच्या चाकात खिळा घुसला, तेव्हा रस्त्याकडेला बघत उभ्या बलभीमनं स्वतःच्या सायकलीचं चाक काढून त्यांना दिलं. वसंतराव पहिले आले. त्यांचं चाक खिळ्यासकट बलभीमकडं राहिलं. चॅम्पियनच्या चाकावर बाजाराला जायचं कसं? अकरा वर्षं तो पायी गेला, दर दसऱ्याला चाकाला कुंकू लावत राहिला. यंदा वसंतराव पंच होऊन जीपमधून आले. बलभीमनं भर गर्दीत चाक पुढं केलं. "रावसाहेब, तुमची ठेव." दुसऱ्याचं चाक लावलं की शर्यतीतून बाद, हा नियम तेव्हाही होता. वसंतरावांनी इतर पंचांकडं पाहिलं. "मला पंक्चर झालंच नव्हतं." लोक हसले. घरी येऊन बलभीमनं कुंकू पुसलं, खिळा उपटला, पंक्चर काढलं, चाक सायकलीला जोडलं. "बरं झालं," बायको म्हणाली, "पायपीट सुटली." "व्हय. अकरा वर्षं फुकट चाललो."