हिरवी पुडी

दोन घरांच्या मागं खणलेल्या खड्ड्यात पाणी साचायला लागलं तसं सटवाजी गवंड्यानं नाकाला उपरणं लावलं. "संडासाचंच हाय," तो म्हणाला. "दोनी घराखाली टाक्या हायत. त्यातली एक फुटलीय. कोणती, ते वासावरून कळायचं न्हाई."

वालूरच्या त्या दोन घरांना मधली भिंत एकच. अलीकडं थोरली सून उमादेवी, पलीकडं धाकटी त्रिवेणी. पाऊस लागल्यापासून दोघींच्याही घरात घाण वास मुरला होता, आणि येत्या सोमवारी महाराज यायचे होते. सासरे मन्मथअप्पा खड्ड्याच्या काठावरून म्हणाले, "जिची टाकी फुटली आसंल तिची फरशी फोडायची. महाराजांची पाद्यपूजा मग दुसरीच्या घरात."

उमादेवीचे कान टवकारले. दर श्रावणात महाराज उतरायचे ते त्रिवेणीकडंच. पाय धुवायची त्रिवेणी, तीर्थ वाटायची त्रिवेणी. थोरली सून मागं बसून पुरणाच्या पोळ्या लाटायची, आणि त्या पोळ्यांचं नावही त्रिवेणीच्याच घराचं व्हायचं. उमादेवीच्या पोटात याचं भारी दुखायचं. ते लपवायचे कष्टही ती घेत नसे.

सटवाजीनं रंगपंचमीच्या उरलेल्या दोन पुड्या मागवल्या. "लाल धाकल्या वैनीच्या संडासात, हिरवी थोरल्या वैनीच्या. वरून बकिटानं पाणी ओता. सकाळी खड्ड्यात जो रंग येईल, तिची टाकी फुटली म्हणून समजा."

"दे इकडं," उमादेवीनं दोन्ही पुड्या ओढून घेतल्या. "तुला सैपाक करायचाय, त्रिवेणी. मीच टाकते."

"लय बरं झालं, अक्का," त्रिवेणी म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

फुटलेली टाकी आपलीच, याबद्दल उमादेवीला तिळमात्र शंका नव्हती. सगळ्यात जास्त वास तिच्याच मोरीत यायचा. तिनं कडी लावली आणि त्रिवेणीची लाल पुडी स्वतःच्या संडासात रिकामी केली. मग पलीकडं जाऊन हिरवी त्रिवेणीच्या संडासात ओतली. आता खड्ड्यात लाल येईल आणि फरशी फुटेल त्रिवेणीची. तिला त्या दिवशी जेवणही गोड लागलं.

सकाळी सगळे खड्ड्याभोवती जमले. पाणी हिरवंगार होतं.

उमादेवी बघतच राहिली. म्हणजे फुटली होती ती त्रिवेणीचीच टाकी! ती नुसती गप्प बसली असती तरी महाराज तिच्या दारात आले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"थोरल्या वैनीची निघाली," सटवाजीनं सांगून टाकलं, आणि पहार घेऊन तो उमादेवीच्या घरात शिरला.

त्याला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते त्रिवेणीसमोर बोलायचं होतं, आणि त्यापेक्षा घर खणलेलं परवडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात उमादेवी उंबऱ्यात उभी राहिली.

त्रिवेणीनं जवळ येऊन तिचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नका, अक्का. काल रातीच मी अप्पांना बोलले. पूजा कोणाच्याबी घरी होऊ द्या, महाराजांच्या पायावर पाणी तुमीच घालायचं. थोरल्या तुमी. दरसाल मलाच लाज वाटायची."

ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव जळला, ते असं हातावर ठेवलं गेलं. मागितलं असतं तरी मिळालं असतं. उमादेवीचं तोंड लालबुंद झालं. तिनं हिसका देऊन हात सोडवून घेतला.

"फोडा, सटवाजी," ती आत बघून ओरडली. मग त्रिवेणीकडं वळली. "आन् तू, आता चांगुलपणाबी तूच घे सगळा!"